डोक्यात ठेवलेला वॉलेट पासवर्ड आणि गेलेले बिटकॉइन: काय करायचं, पायरी पायरीने

मागच्या महिन्यात भाचा घरी आला होता, सकाळी दोघं तर्री पोहे खायला गेलो धरमपेठेत, आणि पोट्टा एकदम खुशीत सांगून राहिला, "मामा, मी ना ते बारा शब्द-बिब्द काहीच लिहून ठेवत नाही, एक वाक्य बनवलं आपलं, डोक्यात फिट आहे, त्याच्यातूनच वॉलेट निघते. कोणाच्या बापाले नाही समजणार." वॉलेट म्हणजे बिटकॉइनची किल्ली सांभाळणारं अ‍ॅप, आणि बारा शब्द म्हणजे वॉलेट बनवताना मिळणारे शब्द, ज्यांवरून ते परत उभं करता येते. मी प्लेट खाली ठेवली. म्हटलं, वाक्य मराठी आहे ना? तो म्हणे हो. इंग्रजी अक्षरात लिहिलं? हो. शेवटी जन्मसाल लावलं? आता पोट्टा गप्प.

काहून विचारलं तर मी स्वतः हेच केलं होतं. २०१४ मध्ये एका मित्राकडून ०.४ बिटकॉइन घेतले, तेव्हा चौदा-पंधरा हजार रुपये लागले असतील, आणि "ब्रेनवॉलेट" नावाच्या प्रकारात ठेवले. वाक्य होतं आधी पोटोबा मग विठोबा, इंग्रजी अक्षरात, सगळं स्मॉल, मध्ये स्पेस नाही, शेवटी दोन आकडे. आपल्याला वाटलं होतं अमेरिकेतला हॅकर काय विठोबाला ओळखते! मग विसरून गेलो. डिसेंबर २०१७ मध्ये ऑफिसात जो तो बिटकॉइन बोलून राहिला होता, तेव्हा वॉलेटचा पत्ता, म्हणजे खाते नंबरासारखा कोड, नेटवर उघडून पाहिला तर शिल्लक शून्य, आणि पैसे निघाल्याची तारीख २०१५ ची. म्हणजे दोन वर्षं मी रिकाम्या तिजोरीवर खुश होतो. चोराला त्या वेळच्या भावाने सहा-सात हजार मिळाले असतील. माझ्या डोक्यात मात्र साहजिकच २०१७ चा भाव बसला, आणि तो अजून निघाला नाही.

तेव्हापासून दोन-तीन ओळखीच्या लोकांना या भानगडीतून बाहेर काढलं, काहींना वेळेवर, काहींना उशिरा. त्या दिवशी भाच्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहितो. एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या, लक्षात ठेवणं हा गुन्हा नाही. गुन्हा आहे स्वतःच्या डोक्यातून काढणं. माणसाला जे सुचते ते आधी दुसऱ्या कोणाला तरी सुचलेलं असते, नाहीतर कुठेतरी छापलेलं असते. लुडोसारखा फासा टाकून काढलेले शब्द पाठ करा, बिनधास्त करा, पण सुचलेलं वाक्य लोखंडी पेटीत बंद करून ठेवलं तरी ते कच्चंच.

पहिले हे बघा, तुमचं वॉलेट कोणत्या जातीचं आहे

सगळे लोक "माझा वॉलेटचा पासवर्ड" म्हणतात पण त्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून आधी हे ओळखा.

ब्रेनवॉलेट म्हणजे तुम्ही एक वाक्य टाइप केलं आणि त्यातूनच पत्ता तयार झाला. इथे तुमचं वाक्य हे कुलूप नाहीच, ती सरळ किल्लीच आहे. युजरनेम नाही, ओटीपी नाही, "तीन वेळा चुकलं, अकाउंट लॉक" असं काही नाही. ज्याला वाक्य समजलं तो मालक. तुमचं हे असेल तर खालचं सगळं सोडा, "पैसे अजून आहेत" या भागावर जा आणि आजच करा, उद्या नाही.

याचाच चुलतभाऊ म्हणजे बारा शब्द स्वतःच निवडणं. वॉलेटच्या शब्दांची यादी इंटरनेटवर आहेच, २०४८ शब्दांची, काही हुशार लोक त्यातून आपल्या आवडीचे शब्द घेऊन गोष्ट बनवतात म्हणजे लक्षात राहील. तेही ब्रेनवॉलेटच झालं, फक्त कपडे बदलले.

तिसरा प्रकार म्हणजे नॉर्मल अ‍ॅप. बारा किंवा चोवीस शब्द अ‍ॅपने दिले, आणि अ‍ॅप उघडायला तुम्ही एक पासवर्ड ठेवला. हा पासवर्ड फक्त त्या फोनमधल्या किंवा लॅपटॉपमधल्या फाइलचं कुलूप आहे. जोपर्यंत फाइल कोणाच्या हाती लागत नाही तोपर्यंत ठीक, पण लॅपटॉप रिपेअरला दिला, जुनी हार्ड डिस्क विकली, किंवा एखादं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं आणि त्यासोबत व्हायरस आला, तर चोर फाइल उचलून नेते आणि घरी बसून आरामात पासवर्ड लावत बसते, रोज, महिनोन्महिने. तुम्हाला पत्ताही लागत नाही. बायकोचं नाव आणि लग्नाचं साल असा पासवर्ड त्याच्यापुढे चहा संपायच्या आत उघडते.

चौथा प्रकार सगळ्यात कपटी. सीड शब्द, म्हणजे तेच बारा-चोवीस शब्द, पासवर्ड मॅनेजरमध्ये (सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं अ‍ॅप), ईमेलच्या ड्राफ्टमध्ये किंवा नोट्समध्ये ठेवलेले, आणि त्यावर एक लक्षात ठेवलेला मास्टर पासवर्ड. लास्टपास नावाच्या पासवर्ड मॅनेजरचं २०२२ मध्ये हेच झालं, ग्राहकांच्या बंद तिजोऱ्यांच्या कॉप्या चोरीला गेल्या. तिजोऱ्या कुलूपबंद होत्या, पण ज्यांचे मास्टर पासवर्ड कमजोर होते त्यांच्या हळूहळू उघडल्या असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच दिवशी पंचवीसपेक्षा जास्त लोकांचे मिळून सुमारे ४४ लाख डॉलरचे कॉइन गेले. लक्षात घ्या, फाइल चोरल्यानंतर तुम्ही पासवर्ड बदलला तरी उपयोग शून्य, कारण चोराकडे जुनी कॉपी आहे आणि तिच्यावर जुनंच कुलूप आहे. इथे पासवर्ड नाही, वॉलेटच बदलावं लागते.

एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइन घ्यायच्या-विकायच्या कंपनीकडे, ठेवलेले असतील तर पासवर्ड हा त्यातल्या त्यात कमी चिंतेचा विषय, कारण तिथे लाखो वेळा ट्राय करू देत नाहीत. फक्त एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा. पण एक्स्चेंज म्हणजे सुरक्षित असंही समजू नका, जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले तेव्हा लोकांचे पासवर्ड कितीही पक्के असले तरी पैसे अडकलेच.

तुटते कसं, हे एकदा समजून घ्या

ब्रेनवॉलेट आतून असं चालते. तुमचं वाक्य एसएचए-२५६ नावाच्या गणितातून एकदाच जाते, बाहेर २५६ बिटचा, म्हणजे २५६ शून्य-एकांचा, आकडा पडते, तोच तुमचा खाजगी आकडा (प्रायव्हेट की), आणि त्यातून पुढे पत्ता. तेच वाक्य जगात कोणीही टाकलं तर तोच पत्ता निघणार. आता चोर काय करते, तो तुमच्या मागे लागतच नाही. त्याला तुम्ही कोण, नागपूरचे की नायजेरियाचे, काही देणंघेणं नाही. तो कोट्यवधी वाक्यं घेते, सगळ्यांचे पत्ते काढते, आणि ज्या ज्या पत्त्यावर आजपर्यंत पैसे आले त्यांच्या यादीशी जुळवते. म्हणजे एकेका दारावर जाऊन किल्ली फिरवत नाही, एक किल्ली बनवते आणि अख्ख्या शहराच्या सगळ्या कुलपांना एकाच वेळी लावून पाहते.

रायन कास्टेलुची नावाच्या सिक्युरिटी संशोधकाने ऑगस्ट २०१५ मध्ये लास वेगासच्या डेफकॉन परिषदेत हे करून दाखवलं, त्याच्या प्रोग्रामचं नाव ब्रेनफ्लेअर, साध्या कॉम्प्युटरवर सेकंदाला लाखाच्या वर वाक्यं. त्याने आणि इतर काही संशोधकांनी पुढे मोठा अभ्यास केला. जवळपास ३० हजार कोटी पासवर्ड लावून पाहिले, सप्टेंबर २०११ ते ऑगस्ट २०१५ या काळातली पैसे आलेली ८८४ ब्रेनवॉलेट सापडली, आणि त्यातली २१ सोडून बाकी सगळी रिकामी झालेली होती. बहुतेक चोवीस तासांच्या आत, बरीच तर काही मिनिटांत. माझं वॉलेट काही महिने टिकलं हेच नशीब म्हणायचं.

आणि "मराठी कोणाला समजते" या भ्रमाबद्दल. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेतल्या एका कवितेची, तीही फारशी प्रसिद्ध नसलेली, ओळ वापरून एकाने ४ बिटकॉइन ठेवले होते, गेले. चोराला भाषा यावी लागत नाही, मजकूर हातात असला की झालं. विकिपीडिया मराठीत आहे, संतांच्या गाथा नेटवर आहेत, म्हणींच्या याद्या आहेत, गाण्यांचे शब्द तर इंग्रजी अक्षरातच टाकलेले असतात.

माझं आपलं साधं गणित बघा. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. एका अभंगाच्या दहा ओळी धरा, ४५ हजार ओळी. प्रत्येक ओळ इंग्रजी अक्षरात लिहायच्या वीस पद्धती धरा, कोणी एक ए लिहिते कोणी दोन, कोणी व्ही लिहिते कोणी डब्ल्यू, ९ लाख झाल्या. शेवटी दोन आकडे लावायच्या १०० शक्यता, ९ कोटी. सेकंदाला एक लाखाने १५ मिनिटं. अख्खी गाथा पंधरा मिनिटात, तेही २०१५ च्या घरगुती कॉम्प्युटरवर! आणि आपण समजतो की ई च्या जागी तीन लिहिला की लय मोठी हुशारी केली.

पैसे अजून आहेत, तर हे करा, याच क्रमाने

घाई करायची आहे पण गडबड नाही. सगळ्यात आधी नवीन घर, मग सामान हलवणं.

नवीन वॉलेट तयार करा. रक्कम तुमच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली आत ठेवणारं छोटं वेगळं यंत्र, घ्या, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, सेकंडहँड कधीच नाही आणि डब्यात आधीच छापलेले शब्द आले तर तो डबा सरळ कचऱ्यात. आज हातात हार्डवेअर नसेल तर थांबू नका, चांगल्या नावाच्या अ‍ॅपवर तात्पुरतं वॉलेट बनवा आणि पुढच्या आठवड्यात तिथून हलवा. ब्रेनवॉलेटमधून निघणं जास्त महत्त्वाचं.

शब्द कागदावर पेनाने लिहा. मग वॉलेट पुसून टाका आणि त्याच कागदावरून परत उभं करा, आणि पत्ता तोच येते का पाहा. हे पैसे टाकायच्या आधी. एकाने हे केलं नव्हतं आणि त्याच्या अक्षरातला सातवा शब्द त्यालाच वाचता येईना, मग रात्रभर बसून यादीतले एकेक शब्द लावत होतो आम्ही.

आता जुन्यातून काढायची वेळ. इथे दोन शब्द येतात, इम्पोर्ट आणि स्वीप. इम्पोर्ट म्हणजे जुनी किल्ली नवीन अ‍ॅपमध्ये टाकणं, पैसे जिथे होते तिथेच राहतात, काही सुटत नाही. तुम्हाला स्वीप पाहिजे, म्हणजे सगळे पैसे नवीन पत्त्यावर एका फटक्यात. इलेक्ट्रमसारख्या वॉलेटमध्ये ही सोय आहे, प्रायव्हेट की टाकायची आणि सगळं ओढून घ्यायचं. टेस्ट म्हणून आधी थोडे पाठवून बघू असा विचार इथे करू नका. टेस्ट करायचीच असेल तर दुसरीकडून शंभर-दोनशे रुपयांचे कॉइन नवीन पत्त्यावर मागवून करा, जुन्या पत्त्यातून मात्र एकच व्यवहार, पूर्ण रक्कम, फी जरा चढी. दोन-चारशे रुपये फीमध्ये वाचवायची ही जागा नाही.

वाक्यातून प्रायव्हेट की काढायला जे पेज वापरलं होतं त्याची जुनी सेव्ह केलेली कॉपी असेल तर नेट बंद करून त्यावर काढा. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या कोणत्याही "ब्रेनवॉलेट रिकव्हरी" साइटवर वाक्य टाइप करू नका, ते म्हणजे चोराला फोन करून सांगणं झालं. आणि शिल्लक शून्य दिसली तर लगेच डोक्याला हात लावू नका, एकाच वाक्यातून दोन पत्ते निघतात, कॉम्प्रेस्ड आणि अनकॉम्प्रेस्ड. जुने ब्रेनवॉलेट बहुतेक अनकॉम्प्रेस्डवर असायचे, त्याची प्रायव्हेट की ५ ने सुरू होते, कॉम्प्रेस्डची के किंवा एल ने. दोन्ही बघा. एका काकांचे पैसे असेच "सापडले", त्यांनी तर मनातून सोडूनच दिले होते.

ऑगस्ट २०१७ च्या आधीपासून पडलेले बिटकॉइन असतील तर त्याच किल्लीवर बिटकॉइन कॅश नावाचं वेगळं कॉइनही असते. पण आधी बिटकॉइन हलवा, त्याला कन्फर्मेशन मिळू द्या (म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये पक्का नोंदला जाऊ द्या), मग बाकीच्या गोष्टींची चौकशी.

आणि जुनं वाक्य कायमचं मेलं असं समजा. त्या पत्त्यावर परत एक रुपयाही मागवायचा नाही, कुठे कोणाला तो पत्ता दिला असेल तर कळवा.

पैसे गेले असतील तर

आधी ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, तुमचा पत्ता टाका. व्यवहार अजून अनकन्फर्म्ड असेल, म्हणजे ब्लॉकमध्ये गेला नसेल, तर तत्त्वतः त्याच पैशाचा जास्त फीचा दुसरा व्यवहार टाकून शर्यत लावता येते. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी बनते, तेवढाच वेळ. समोर बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, असते आणि तोही फी वाढवत जाते, त्यामुळे जाणकार माणूस बाजूला बसला असेल तरच या भानगडीत पडा. कन्फर्म झालं असेल तर तो व्यवहार उलटवणारं कोणी नाही, बँकेसारखा मॅनेजर नाही, कस्टमर केअर नाही.

त्याच सीडवर दुसरे कॉइन असतील तर ते लगेच हलवा. इथे एक चूक फार लोक करतात, पत्त्यावर टोकन राहिले पण फी ज्या कॉइनमध्ये भरावी लागते ते इथर किंवा ट्रॉन नाही, म्हणून ते बाहेरून टाकतात, आणि चोराचा बॉट ते सेकंदात उचलून नेते. एकदा गेलं की परत टाकू नका, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदाही तेच होणार.

मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. रात्री दोन वाजता कळलं तरी तेव्हाच. सोबत राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका आणि तिचा नंबर जपून ठेवा. नागपूर शहरात राहत असाल तर सायबर पोलीस ठाणं आहेच, पण जवळच्या ठाण्यातही झिरो एफआयआर मागता येते, हद्द आमची नाही हे कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट आहे, ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते तेही त्यातच.

मी मागच्या वर्षी एका ओळखीच्या माणसासोबत ठाण्यात गेलो होतो, समोरच्या साहेबांनी विचारलं, "बँक कोणती?" त्यांची चूक नाही, दिवसभर यूपीआयच्याच तक्रारी घेऊन राहिले असतात. तेव्हा कळलं की जाताना एक पानभर साध्या मराठीत लिहून न्यावं, ब्लॉकचेन म्हणजे काय हे शिकवायला जाऊ नका. कधी विकत घेतले, कोणत्या एक्स्चेंजवरून, त्या वेळचं बँक स्टेटमेंट, तुमचा पत्ता, चोराचा पत्ता, व्यवहाराचा आयडी, तारीख-वेळ, त्या दिवशीची रुपयातली किंमत. एक्स्प्लोररच्या पानाचे प्रिंट काढा, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागते, त्याचा नमुना वकील देते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ सोबत ६६ आणि ६६ सी (66C) याचा अर्जात उल्लेख करा. आणि मुख्य म्हणजे सीड किंवा वाक्य अर्जात लिहू नका. ओळखीच्या माणसाने भाबडेपणाने लिहिलं होतं, मी शेवटच्या क्षणी पान बदलायला लावलं. त्या साहेबांनी नंतर मात्र नीट ऐकून घेतलं आणि अर्ज घेतला.

पैसे कुठे चालले ते एक्स्प्लोररवर बघत राहा. एखाद्या एक्स्चेंजच्या पत्त्यावर पोचले असं दिसलं तर त्या एक्स्चेंजला तक्रार नंबरसकट मेल टाका आणि तपास अधिकाऱ्यालाही कळवा. मार्च २०२३ पासून आपल्याकडे क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आलेले आहेत, केवायसी ठेवावी लागते, त्यामुळे पोलिसांच्या पत्राला उत्तर द्यावं लागते. यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन, गेले असतील तर वेग अजून महत्त्वाचा, ते काढणारी टेदर कंपनी पोलिसांच्या विनंतीवरून पत्ता गोठवू शकते आणि गोठवते. बिटकॉइनचं तसं नाही.

खरं सांगू तर बहुतेक वेळा पैसे येत नाहीत. तरी तक्रार करा, कारण उद्या त्याच पत्त्यावरचा चोर दुसऱ्या केसमध्ये सापडला तर तुमचं नाव यादीत पाहिजे.

आणि तुम्ही कुठे नेटवर रडगाणं टाकलं की अर्ध्या तासात मेसेज येतील, "सर, माझे पण गेले होते, या एक्स्पर्टने काढून दिले." सगळे, म्हणजे अगदी सगळे, चोर. आधी थोडी फी, मग टॅक्स, मग "गॅस", म्हणजे नेटवर्कची फी. माझ्या ओळखीतल्या एकाचे चोरीत ऐंशी हजार गेले आणि काढून देणाऱ्याला दिले साठ हजार.

टॅक्सचं एका ओळीत: क्रिप्टोच्या फायद्यावर ३० टक्के आहे आणि तोटा दुसऱ्या कशातून वजा करू देत नाहीत, त्यामुळे चोरी झाली म्हणून टॅक्स वाचेल अशी आशा नको, सीएला कागद दाखवून ठेवा.

नवीन किल्ली, फाशाने

वॉलेटने दिलेले बारा शब्द पुरतात. यादीत २०४८ शब्द, एका शब्दाचे ११ बिट, बारा शब्दांत १२८ बिट यादृच्छिक, म्हणजे कोणी न निवडता आलेले, आणि ४ बिट तपासणीचे. हे मशीन निवडते, तुम्ही नाही, आणि म्हणूनच ते पक्कं. ही यादी इंग्रजी, जपानी, स्पॅनिश वगैरेत आहे, मराठीत नाही, तेव्हा इंग्रजीच घ्या.

मशीनवर विश्वास नसेल, आणि तोही अगदीच वेडेपणा नाही, २०२३ मध्ये लिबबिटकॉइन नावाच्या प्रोग्रामच्या एका कमांडमध्ये फक्त ३२ बिटच खरे यादृच्छिक होते असं उघड झालं आणि लोकांचे पैसे गेलेले होते, तर काही हार्डवेअर वॉलेटमध्ये फासे टाकून बनवायची सोय असते. एका फाशाचे अडीचपेक्षा थोडे जास्त बिट, म्हणून बारा शब्दांना ५० वेळा आणि चोवीस शब्दांना ९९ वेळा फासा टाकायचा. लुडोच्या डब्यातला चालते, फक्त आवडला नाही म्हणून आकडा बदलायचा नाही. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणे, सलग तीन सहा आले तर? आले तर तेच लिहायचे बे, तुला सुंदर आकडे पाहिजेत इथेच तर गडबड होते.

अ‍ॅप उघडायचा पासवर्ड आणि पासवर्ड मॅनेजरचा मास्टर, हे दोन मात्र डोक्यात ठेवावेच लागतात. त्यासाठी डाइसवेअर, १९९५ पासूनची पद्धत. ७७७६ शब्दांची यादी असते, पाच वेळा फासा टाकला की एक शब्द मिळते, असे सहा शब्द काढा. सेकंदाला १०० कोटी वेळा लावून पाहिलं तरी सगळ्या शक्यता संपायला सत्तर लाख वर्षं. आता हे सहा शब्द लक्षात कसे राहतील? त्यांची गोष्ट बनवा, शब्द आधी आणि गोष्ट नंतर, उलटं नाही. आठवडाभर रोज सकाळी एकदा टाइप करा, बोटांनाच सवय होते. माझ्या एका शब्दाचा अर्थ मला डिक्शनरीत पाहावा लागला होता, आता झोपेतही सांगतो. म्हणजे सांगत नाही.

पंचविसावा शब्द म्हणून, म्हणजे सीडच्या शब्दांवर, स्वतःची एक जास्तीची पासफ्रेज लावता येते, पण सुरुवातीला नका लावू. त्यात चुकीचा शब्द टाकला तर "चूक" असं येत नाही, सरळ दुसरं रिकामं वॉलेट उघडते, आणि लोकांना वाटते चोरी झाली.

ठेवायचं कुठे, नागपूरच्या हिशोबाने

फोटो काढायचा नाही. फोटो आपोआप क्लाउडवर जाते, आणि गॅलरीतल्या फोटोंमधून सीडचे शब्द वाचून चोरणारे अ‍ॅप २०२५ च्या सुरुवातीला अधिकृत स्टोअरवरच सापडले होते.

कागद ठीक आहे पण कागदाचं आपल्या गावात काय होते ते २३ सप्टेंबर २०२३ ला पाहिलं आपण. रात्रीतून पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत लोकांच्या कपाटाचा खालचा कप्पा पाण्यात. लोकांनी सात-बारा आणि मार्कशिट वाळत घातल्या होत्या! उन्हाळ्यात ४५ च्या वर तापमान, कूलरचा दमटपणा, पेनाची शाई फिकी. म्हणून स्टील. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात स्टेनलेस स्टीलची पट्टी आणि अक्षरांचे पंच मिळतात, हातोडीने ठोकायचे. पूर्ण शब्द ठोकायची गरज नाही, यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी आहेत, तेवढी पुरतात. दुकानदाराकडून कोरून घेऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. ठोकताना आवाज फार होते, शेजाऱ्यांना काहीतरी सांगून ठेवा.

दोन पट्ट्या, दोन जागा. एक घरी वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर, दुसरी गावाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. अर्धे शब्द इथे अर्धे तिथे करू नका. अर्धा हरवला तर पूर्ण गेलं, आणि अर्धा चोराला मिळाला तर त्याचं काम कैक पटीने सोपं झालं.

घरात एका माणसाला माहीत पाहिजे. शब्द नाही, एवढंच की अशी पट्टी आहे, कुठे आहे, आणि माझ्यानंतर कोणाला विचारायचं. मी बायकोला एका पाकिटात लिहून दिलं आहे, वर लिहिलं "एलआयसीच्या फाइलमध्ये ठेव". तिने विचारलं, यात काही आहे का खरंच? म्हटलं आधी होतं, आता थोडं आहे.

शेवटची पायरी वर्षातून एकदाची. पट्टी काढा, वॉलेट पुसून त्यावरून परत उभं करा, पासवर्ड न बघता टाका, पत्ता जुळते का पाहा. तारीख लक्षात राहावी म्हणून मी पोळ्याचा दुसरा दिवस धरला आहे, त्या दिवशी बाहेर पिवळी-काळी मारबत निघालेली असते, पोट्टे ओरडत असतात, घेऊन जा गे मारबत, आणि मी वर माळ्यावर पट्टी शोधत असतो. यंदा भाच्यालाही बोलावलं आहे, त्याची पट्टी घेऊन.